आज यकृतातली हायडॅटिड गाठ (जंतामुळे होणारी, पाण्याने भरलेली गाठ) काढली

तक्रार एवढीच, उजव्या बरगडीखाली जडपणा. सोनोग्राफीत मोठ्या गाठीच्या पोटात लहान लहान गाठी दिसल्या आणि निदान जवळपास तिथेच पक्कं झालं. अशा गाठीत तयारीशिवाय सुई घालणं जिवावर बेतू शकतं: पाणी पोटात सांडलं तर भयंकर अ‍ॅलर्जी येऊ शकते, नव्या गाठीही धरतात. म्हणून आधी अल्बेंडाझोल हे जंताचं औषध सुरू केलं, मग ऑपरेशन.

गाठीभोवती २० टक्के मिठाच्या पाण्यात भिजवलेले मॉप (ऑपरेशनमधले कापडी बोळे) लावले, गाठीतलं पाणी सक्शनने ओढलं, मगच गाठ उघडली. आतला पडदा उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा लिबलिबीत, पण अखंड हातात आला. काय समाधान वाटलं! मग पोकळीत कोरडा पांढरा मॉप धरून पित्ताचा पिवळा डाग उमटतोय का, म्हणजे कुठे पित्त गळतंय का, ते बराच वेळ पाहिलं. इथे घाई मला अजिबात पटत नाही. एका जागी डाग आला, तिथे टाका घेतला.

कुत्र्याच्या विष्ठेतली जंताची अंडी पोटात गेल्याने हे होतं, हे ऐकून नातेवाईक चकितच झाले. कृपा करून कुत्र्यांना जंताचं औषध नियमित द्या, बकऱ्या-मेंढ्यांची कच्ची कलेजी, फुप्फुसं घालू नका, हात स्वच्छ धुवा. पेशंट शुद्धीवर आहे, गोळ्या पुढेही चालतील. उद्या ड्रेनमधून (आतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीतून) पित्त येतंय का, ते बघायचंय.