तुम्ही विचारलंत म्हणून: शुगर आहे, मग बीपीची गोळी कशाला?

"शुगरची गोळी मी रोज खायले, ती कळते मला. पण डोकं दुखंना, चक्कर येईना, मग ही दुसरी कशाला?" बीड जिल्ह्यातल्या माझ्या दवाखान्यात हे बायका फार विचारतात. ज्यांच्या घरी सगळं विसरलेली सासू आहे, त्या उठता उठता पुढचंही विचारतात, "माझं डोकं तरी शाबूत राहील का?"

शाबूत राहण्यासाठीच तर ती दुसरी गोळी आहे.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे चटकन पटतं. बोअरच्या पाण्यातले क्षार नळीच्या बारीक छिद्रांत बसतात आणि मोटारीचा दाब वाढला की नळी फाटते. मेंदूत खोलवर गेलेल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांचं असंच होतं. साखरेने त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, वरून बीपीचा मारा रात्रंदिवस चालू. मोठी वाहिनी बंद पडली तर लकवा मारतो, अख्ख्या गल्लीला कळतं. बारीक वाहिन्या बंद पडतात तेव्हा कुणालाच पत्ता लागत नाही. काही वर्षांनी किराण्याचा हिशेब चुकायला लागतो, एकच गोळी दोनदा घेतली जाते, आणि घरचे म्हणतात, वय झालं.

लकव्याबद्दल मी खात्रीने सांगतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासात शुगर आणि बीपी दोन्ही असलेले ११४८ लोक होते. ज्यांचा बीपी जास्त काटेकोरपणे आटोक्यात ठेवला त्यांच्यात लकव्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी निघालं. हे १९९८ साली छापून आलं. स्मरणशक्तीबद्दल तेवढं ठामपणे बोलता येत नाही. अमेरिका-कॅनडातल्या अ‍ॅकॉर्ड अभ्यासात शुगरवाल्यांचा वरचा बीपी १२०च्या खाली आणला, तरी ४० महिन्यांत त्यांची बुद्धी बीपी १४०च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा सरस ठरली नाही. पण चीनमधल्या ३२६ खेड्यांत बीपीच्या सुमारे ३४ हजार रुग्णांवर झालेला अभ्यास २०२५ मध्ये आला, तो मला फार मोलाचा वाटतो. त्यातल्या निम्म्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेवकांनी चार वर्षं बीपी नेटाने खाली ठेवला आणि तिथे डिमेन्शिया, म्हणजे सगळं विसरत जाण्याचा आजार, १५ टक्के कमी दिसला. ते सगळे शुगरवाले नव्हते, हे खरं. तरी आपल्या आशाताईंच्या हातात बीपीचं मशीन आणि गोळ्या नियमित पडल्या तर काय होऊ शकेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कोणती गोळी चांगली? लघवीतून प्रथिनं जात असतील तर किडनीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल आधी निवडतो. (दिवस राहण्याची शक्यता असेल तर या दोन्ही चालत नाहीत, आधी सांगा.) मेंदूसाठी मात्र अमुकच गोळी श्रेष्ठ, असं सिद्ध झालेलं नाही. रोज घेतली जाते ती चांगली.

आणि आपल्याकडे खरी अडचण तिथेच आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर निघतात. उन्हाळ्यात परतलेल्या बाईच्या पिशवीतून पट्टी निघते, चार गोळ्या फोडलेल्या, बाकीच्या तशाच, मागच्या चांदीवरचं नाव घामाने पुसलेलं. वरचा बीपी १८०च्या पुढे. हा तिचा आळस नाही. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची असते, पहाटेच फडात उतरायचं असतं, आणि दवाखाना गाठायचा तर दिवसाची मजुरी बुडते. वर अंगदुखीच्या गोळ्या रोजच्या, त्यांनीही बीपी चढतो. म्हणून कोयता उचलायच्या आधी माझ्याकडे या. निदान दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि चिठ्ठी सोबत न्या. संपल्या की तिथल्या सरकारी दवाखान्यात तीच चिठ्ठी दाखवा.

गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचं वेगळं. त्यांचा बीपी फार खाली ओढून चालत नाही. बाजेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर गोळी मनाने बंद करू नका, येऊन सांगा. मी बसून आणि उभं करून दोनदा बीपी मोजतो, आणि गरज लागली तर गोळी कमी करतो.