टोलेडोचं सिनेगॉग

आज स्पेनमधल्या टोलेडो शहरातल्या एल ट्रान्सितो या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या प्रार्थनास्थळात, मान वर करून इतका वेळ उभी होते की शेवटी मानच अवघडली. राजा पेद्रोचा ज्यू खजिनदार सॅम्युएल हा-लेवी यानं १३५७ च्या सुमारास हे सिनेगॉग बांधून घेतलं. पुढे त्याच राजानं त्याला कैदेत टाकलं, छळात तो मेला. १४९२ मध्ये ज्यूंना स्पेनमधून हाकललं आणि इमारतीचं चर्च झालं. नेपोलियनच्या युद्धांत तर चक्क सैनिकांची बराक! आता संग्रहालय आहे. भिंतींच्या गिलाव्यातली हिब्रू अक्षरं मात्र जागच्या जागी. शेजारी अरबी लिपीही आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. वर बायकांसाठीचा सज्जा. तिथून खाली बघत रेंगाळले, तर वेळ संपली म्हणून पहारेकऱ्यानं खुणावलं.