किती जण बसणार

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. परवा गाडी बघायला गेलो तेव्हा तिथल्या मुलाने सहज विचारलं, किती जण बसणार मॅडम, आणि मी पटकन म्हणाले चार. हा, मी, मोठी आणि येणारं बाळ. आई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मी टेप घेऊन मागच्या सीटची रुंदी मोजत होते म्हणून माझी पर्स त्यांनी धरली होती.

त्या काहीच बोलल्या नाहीत. ह्यानेही दुरुस्त केलं नाही, कदाचित त्याने ऐकलंच नसेल. मुलगा पुढे बोलत राहिला, मीही मान डोलवत राहिले, आणि मग घरी येताना एका सिग्नलला एकदम पोटात गोळा आला. चार कसे म्हणाले मी?

गेले तीन आठवडे मी दुसरं काहीच केलेलं नाही. रोज रात्री पाठ दुखत असताना उशीला टेकून आकडे बघत बसते. गाडी देते किती हे सगळेच विचारतात, पण तो आकडा लॅबमध्ये ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या तापमानाला काढलेला असतो, आपण एसी लावून भरल्या गाडीत ट्रॅफिकमध्ये उभे असतो तेव्हा तो मिळत नाही. आणि लिटरमागे किती किलोमीटर हे मोजणंही फसवं आहे, हे मला आत्ता कळलं. १० ची गाडी सोडून १२ ची घेतली तर हजार किलोमीटरला जवळजवळ १७ लिटर वाचतात, आणि २० ची सोडून २४ ची घेतली तर जेमतेम ८. म्हणजे वर वर जाऊ तसा ॲव्हरेजमधला फरक खिशाला कमी जाणवतो. हे ह्याला दोनदा समजावलं, दोन्ही वेळा हं म्हणाला. डिझेलवर मीच काट मारली, आमचं जाणं-येणं सगळं जवळजवळचं, इंजिन नीट तापायच्या आत पोचतो आपण, त्यात डिझेलचा धुराचा फिल्टर साफच होत नाही आणि चोंदतो. हायब्रिड आवडली, ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी ताकद बॅटरीत परत घेते, थांबत-थांबत चालणाऱ्यांसाठीच ती आहे. पण तिच्या किमतीचं अजून घरात नीट बोलणंच झालेलं नाही. असो.

डिकीचंही तेच. लिटरमध्ये लिहितात म्हणून मला वाटायचं पोकळी मोजत असतील, तर ते चक्क लिटर-लिटरचे ठोकळे रचून किती मावतात ते मोजतात. बाबागाडी काही ठोकळा नाही ना. घडी घातली तरी तिची चाकं कुठेतरी अडतातच.

एवढं सगळं मी केलं, एकटीने केलं, आणि मला कोणी विचारलंही नाही की तुला बसायला कुठे बरं वाटेल. सातव्या महिन्यात खाली वाकून सीटच्या फटीत आयसोफिक्सचे हुक, म्हणजे मुलांची सीट गाडीला अडकवायचे, ते शोधत होते मी. रडू आलं लिहिताना. पण मग तेच परत येतं. मला कोणी विचारलं नाही म्हणतेय, आणि मी तरी आईंना कुठे विचारलं? विचारणं राहू दे, मोजलंही नाही.

घरी आल्यावर म्हटलं त्यांना, आई, मी चुकून चार म्हणाले. तर म्हणाल्या, अगं मला कुठे जायचं असतं सारखं. हेच जास्त लागलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाळाच्या प्रत्येक तपासणीला कोण येणार आहे माझ्याबरोबर? त्याच येणार आहेत.

आज सकाळी मग आमच्याच जुन्या गाडीत करून बघितलं. छोट्या गाडीत आयसोफिक्सचे पॉइंट मागे दोन्ही कडांनाच असतात, मधे नाही, म्हणजे दोन्ही मुलांच्या सीट कडेला आणि मधे एका माणसापुरती चिंचोळी जागा. आईंना तिथे बसवायचं? पायाखाली तो उंचवटा, दोन्हीकडून कडक प्लास्टिक, आणि पट्ट्याचं बक्कल सीटखाली दबलेलं. नाही. मी स्वतः बसून बघितलं. बसते मी. अवघडून, पण बसते. मोठीला पाणी देता येतं, बाळाचं तोंड मागे असलं तरी मला दिसेल.

आणि बाळाचं तोंड मागेच ठेवायचंय, निदान १५ महिने तरी, त्याहून जास्त जमलं तर जास्त. एवढ्याशा जिवाचं डोकं जड आणि मान नाजूक, धक्का बसला तर पाठीने सोसायला हवा. पुढे एअरबॅग असते म्हणून ती उलटी सीट पुढे ठेवायची नाही, मागेच. पण उलटी सीट जागा फार खाते, पुढची सीट सरकवावी लागते. ह्याच्या मागे लावली तर ह्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले. मग आईंना पुढे शेजारच्या सीटवर बसवलं. त्यांची उंची कमी, सीट थोडी पुढे घेतली तरी पाय मोकळे, डॅशबोर्डपासूनही लांब. मागे बाळाची सीट अलगद बसली. आम्ही दोघं बघतच राहिलो. आईंच्या जागी दुसरं कोणी उंच माणूस असतं तर ही गाडीच काय, परवा बघितलेलीही पुरली नसती, मोठी गाडी घ्यावी लागली असती आणि माझं तीन आठवड्यांचं सगळं गणित पाण्यात.

आईंना हे सांगितलं तर त्या नुसत्या हसल्या आणि पट्टा कसा काढायचा ते विचारलं.

उद्या परत जायचंय. मुलांच्या दोन्ही सीट सोबत न्यायच्या, तिथल्या गाडीत लावून बघायच्या, टेप नको. आणि आधी आईंना बसवायचं, त्यांना हवी तेवढी सीट त्यांनीच मागे-पुढे करायची, मग मागे जे उरेल ते मी बघेन. त्या मुलाने परत विचारलं तर पाच.