काळी तीनमधली कॅरन

कार्यक्रम संपतो, मी तबल्यावरची पावडर पुसून जोडी पिशवीत घालत असतो आणि कुणीतरी येऊन उभं राहतं. आधी "आज मजा आली" वगैरे होतं. मग माझी खोड ठाऊक असलेलं कुणी असेल तर, "काका, तुम्ही म्हणे कार्पेंटर्सचे वेडे. आवडता अल्बम कुठला? आणि एकच गाणं निवडायचं झालं तर?" भावगीतांच्या मागे केरवा-दादरा धरणाऱ्या माणसाने असलं अमेरिकन पॉप ऐकावं याचं नवल त्या प्रश्नात असतंच. परवा आमच्या ग्रुपमधल्या नव्या गायिकेने विचारलं, तेव्हा हॉलचा वॉचमन एकेक दिवा घालवत होता. "सांगतो कधीतरी," म्हणून सुटलो.

तसं उत्तर छोटं आहे. अल्बम 'अ साँग फॉर यू', १९७२चा. गाणं त्यातलंच, 'गुडबाय टू लव्ह'. पण एवढं सांगून घरी आलो की चुटपुट लागते. कारण माझा जीव जिच्यावर जडला ती कॅरन या अल्बमवर नाही. खरं तर ती कुठल्याच अल्बमवर नाही.

नाव नवं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिचर्ड आणि कॅरन कार्पेंटर हे सख्खे भाऊ-बहीण. तो १९४६चा, ती १९५०ची. जन्म अमेरिकेतल्या न्यू हेवनचा. १९६३ मध्ये घरदार कॅलिफोर्नियातल्या डाउनीला आलं. १९६९ मध्ये ए अँड एम रेकॉर्ड्सच्या हर्ब अल्पर्टने त्यांना करारावर घेतलं. पहिला अल्बम पडला. पुढच्याच वर्षी 'क्लोज टू यू' चार आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि मग मागे वळून बघायला नको. भाऊ पियानोवर, अरेंजमेंट त्याची. बहीण गाणारी. आणि मी जिथे अडकलो ती गोष्ट म्हणजे ही बाई मुळात ड्रम वाजवणारी. शाळेच्या बँडमध्ये शिरली ती व्यायामाचा तास चुकवायला. हातात आधी घंटीसारखं वाजणारं ग्लॉकेनश्पील दिलं, ते तिला पटलं नाही. मग तिने ड्रमच्या काठ्या धरल्या. स्वतःला ती ड्रमर म्हणवायची, गाणारी ड्रमर. पुढे नाव झाल्यावर तिला ड्रमच्या मागून उठवून मंचाच्या पुढे उभं केलं, कारण त्या सगळ्या सरंजामामागे ती लोकांना दिसायचीच नाही. साथीदाराला पुढे बसवलं की त्याचे हात कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो. मला विचारा.

तर माझी कॅरन. ऐंशीच्या दशकात मी मुंबईत एका ऑर्केस्ट्रात ढोलक-तबला वाजवायचो. आमचा कीबोर्डवाला मूळ मडगावचा. गणपतीच्या सीझनमध्ये रात्री दोनला शो संपवून टेम्पोतून परतताना तो एक कॅसेट लावायचा. 'द सिंगल्स १९६९-१९७३' या संग्रहाची कुणीतरी भरून दिलेली कॉपी. ढोलकीने कान किटलेले असताना तो आवाज यायचा. चढा नाही, आर्जवी नाही, ओरडणं तर नाहीच. कानाशी कुणी बसून सांगतंय असा. मी ती कॅसेट त्याच्याकडून मागून घेतली ती घेतलीच. तो गोव्याला परत गेला, कॅसेट माझ्याकडेच राहिली.

घरच्या टेपरेकॉर्डरवर मी ती लावून तबल्याचा हात करायचो. त्यासाठी तबला त्या गाण्यांना मिळवायचा. 'सुपरस्टार' काळी तीनला, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीच्या सुराला, यायचं. काळी तीनचा एक तबला माझ्याकडे होता, तो जवळजवळ त्या गाण्यापुरताच बाहेर निघायचा. किती वर्षं केलं असेल असं? दहा तरी.

पुढे भाच्याने सीडी आणली. मी कौतुकाने तबला मिळवून बसलो, 'सुपरस्टार' सुरू झालं, ओबो वाजला, हार्प वाजली आणि सगळंच बेसूर. तबल्यावर हातोडी मारून बघितली, गट्टे वर-खाली केले. मग पेटी काढली. गाणं पांढरी चारमध्ये होतं. ते आहेच पांढरी चारचं, एफ मायनर. माझ्या टेपरेकॉर्डरची मोटर जरा जोरात फिरायची, इतकंच. माझ्या घरी कॅरन कार्पेंटर दहा वर्षं अर्धा सूर चढी गायली होती, आणि थोडी घाईतही.

खरी कॅरन त्याहून खाली होती. तुम्हाला वाटेल, अर्ध्या सुराने काय होतं. मलाही आधी वाटलं. पण तिचं सगळं भांडवल तळघरातच होतं. वर जाणाऱ्या मुली अमेरिकेत पैशाला पासरी होत्या. रिचर्डने तिच्यासाठी गाणी खालच्या पट्टीत बसवली ती पूर्ण विचार करून. आपल्याकडे खर्ज लावतात तो साधनेसाठी, पहाटे, कुणी ऐकत नसताना. मैफलीत वरचा षड्ज लागला की टाळ्या. या बाईने टाळ्या घेतल्या त्या खर्जावर. 'सुपरस्टार'चा मुखडा सुरू होतो तिथे ती जवळजवळ बोलतेच आहे असं वाटतं, पण सूर एका केसानेही हललेला नसतो. हरकत नाही, मुरकी नाही. ओळ संपताना आवाजाला एवढीशी थरथर सोडते आणि काढून घेते. आणि लयीच्या किंचित मागे राहते. ही माझ्या धंद्यातली गोष्ट म्हणून कळते: मागे राहणं आणि मागे पडणं यांत फार फरक आहे. जिच्या स्वतःच्या हातात ताल पक्का आहे तीच असं रेलून बसू शकते.

त्या गाण्याची हकिकत रिचर्डने अनेकदा सांगितली आहे. गाणं लिओन रसेल आणि बॉनी ब्रॅमलेट यांचं. रिचर्डने ते टीव्हीवर बेट मिडलर या गायिकेच्या तोंडून ऐकलं. एक ओळ त्यांच्या श्रोत्यांना झेपणार नाही म्हणून त्याने त्यातला एक शब्द सौम्य केला. कॅरनला गाणं सुरुवातीला आवडलंच नव्हतं. भावाने शब्द कागदी नॅपकिनवर खरडून दिले, तिने ते बघत सहज गाऊन दाखवलं, आणि तोच टेक रेकॉर्डवर गेला. तेव्हा तिचं वय वीस-एकवीस. मी एकविसाव्या वर्षी काय करत होतो ते आठवून गप्प बसतो.

'सुपरस्टार' ज्या अल्बमवर आहे तो १९७१चा 'कार्पेंटर्स'. तपकिरी पाकिटासारखं कव्हर, म्हणून चाहते त्याला टॅन अल्बम म्हणतात. नवख्याला मी हाच देतो, माझा आवडता नाही. त्यात 'रेनी डेज अँड मंडेज' आहे, आणि ते माझ्या कॅसेटवर अर्धवटच होतं असं म्हणायला हरकत नाही. 'सिंगल्स'साठी रिचर्डने काही गाणी एकमेकांत ओवली: 'सुपरस्टार' संपता संपता 'रेनी डेज' आणि त्यातून थेट 'गुडबाय टू लव्ह'. मेडली म्हणून झकास. पण मूळ अल्बमवर 'रेनी डेज' सुरू होताना आधी एकटा माउथ ऑर्गन येतो, कुणाच्या खांद्यावर हात न ठेवता, तो ऐकल्यावर मला त्या ओवण्याचा रागच आला. हे गाणं पॉल विल्यम्स आणि रॉजर निकल्स या जोडीचं. याच दोघांनी एका बँकेच्या जाहिरातीसाठी एक धून केली होती, नवं जोडपं संसाराला लागतंय अशा अर्थाची. रिचर्डने ती टीव्हीवर ऐकली आणि तिचं 'वुइव्ह ओन्ली जस्ट बिगन' झालं. निम्म्या अमेरिकेने त्यावर लग्नं लावली. बँकेची जाहिरात होती हे कुणाच्या डोक्यातही नसेल.

मग 'अ साँग फॉर यू'च का? कारण तो एका बैठकीत ऐकायचा अल्बम आहे. रसेलच्याच गाण्याने उघडतो आणि त्याच गाण्याच्या तुकड्याने मिटतो, मुखड्यावर परत आल्यासारखा. मध्ये 'हर्टिंग इच अदर', 'टॉप ऑफ द वर्ल्ड', 'आय वोन्ट लास्ट अ डे विदाउट यू'. आणि अगदी मधोमध अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळाचा चर्चमध्ये शोभावा असा गंभीर समूहस्वर: शब्दांचा अर्थ एवढाच की, जरा बाथरूमला जाऊन येतो. गोड-गोड म्हणून या दोघांची टवाळी करणाऱ्यांनी हा तुकडा ऐकलेला नसतो. टवाळीही कमी झाली नाही. १९७३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये गायले, निक्सनने पाठ थोपटली, आणि रॉकवाल्या पोरांच्या लेखी ते कायमचे आईबापांचे लाडके ठरले.

आणि 'गुडबाय टू लव्ह'. चाल रिचर्डची, शब्द जॉन बेटिस यांचे. कल्पना सुचली ती बिंग क्रॉस्बीच्या एका जुन्या सिनेमावरून, ज्यात या नावाच्या गाण्याचा नुसता उल्लेख आहे, गाणं ऐकूच येत नाही. मग रिचर्डने ते स्वतःच करायला घेतलं. वाजवणाऱ्याच्या कानाने ऐका. सुरुवातीचं संगीतच नाही. पियानोचा हात पडतो आणि तिचा आवाज त्याच्याबरोबरच येतो. ओळी इतक्या लांब की श्वासाला जागा दिसत नाही. कुठे घेते ते शोधायला मी कितीदा कान लावून बसलो; दोन जागा सापडल्या, बाकीच्या अजून नाहीत. आणि मध्येच, त्या शांत पाण्यात कुणी दगड टाकावा तशी टोनी पेलुसोची फझ गिटार. खरखरीत, किरकिरी, रॉकमधली. आधी चाल सरळ वाजव आणि मग उडून जा, असं रिचर्डने त्याला सांगितलं होतं. चाहत्यांची रागाची पत्रं आली, तुम्हीसुद्धा रॉकच्या नादी लागलात म्हणून. मला विचाराल तर तिने जे आवरून धरलेलं असतं ते ती गिटार बोलून टाकते. शेवटी कॅरन परत येते तेव्हा समूहस्वरांचा डोंगर उभा राहतो. आणि तो डोंगर म्हणजे हेच दोघं, थरावर थर रेकॉर्ड केलेले.

जुने चाहते इथे मान हलवतात आणि 'हरायझन' म्हणतात, १९७५चा. आवाज म्हणून तो सगळ्यात श्रीमंत आहे हे कबूल. 'सॉलिटेअर' ऐकताना तर वाटतं, माइकच्या आत बसून गातेय. पण सबंध अल्बम रेशमी चादरीसारखा, एक सुरकुती नाही. मला सुरकुती लागते. 'नाऊ अँड देन'वरच्या 'यस्टरडे वन्स मोअर'बद्दल बोलत नाही, ते सगळ्यांना येतं. त्या अल्बमवर बरेचसे ड्रम तिने स्वतः वाजवलेत म्हणून मात्र मी तो जपून ठेवलाय. नंतरच्यांतलं एक: 'आय नीड टू बी इन लव्ह', १९७६चं, तिचं स्वतःचं आवडतं. अमेरिकेत तेव्हा फार चाललं नाही. जवळजवळ वीस वर्षांनी जपानमधल्या एका टीव्ही मालिकेने ते वापरलं आणि तिथली शाळकरी पोरं तिच्या मागे लागली. ती तोवर नव्हती.

हे आलं की दुसरा प्रश्न येतोच: "ती आजारी होती ना हो? म्हणूनच आवाजात इतकं दुःख." ४ फेब्रुवारी १९८३ला डाउनीला आईवडिलांच्या घरी ती कोसळली आणि गेली. वय ३२. न खाण्याचा आजार, अ‍ॅनोरेक्सिया, त्याने हृदय थकलं. तेव्हा हे नावही बहुतेकांना माहीत नव्हतं. तिच्यामुळे ते घरोघर पोहोचलं. हे सगळं खरं आहे. पण 'रेनी डेज' गाताना ती वीस-एकवीस वर्षांची होती आणि ते दुःख दोन पुरुषांनी कागदावर लिहून दिलेलं होतं. तिने ते उभं केलं ते गळ्याने आणि लयीच्या अंदाजाने. आपल्याकडे विरहिणी रंगवून घरी जाऊन गायिका वरण-भाताचा कुकर लावते, तेव्हा आपण तिच्या घरात डोकावतो का? या बाईच्या बाबतीत लोक प्रत्येक गाण्याला आजाराचा रिपोर्ट जोडतात, आणि मग तिने केलेलं काम कुणाला ऐकूच येत नाही. मला या गोष्टीचा राग येतो, आणि हा राग मी ग्रीनरूममध्ये दाखवतो, म्हणून मला फार लोक विचारत नाहीत.

आमच्या ग्रुपमधली ती नवी गायिका मात्र पुढच्या तालमीला परत आली. तिने सगळं ऐकून काढलं होतं, नेमकं 'सुपरस्टार' निवडलं होतं. चहा यायचा होता, बाकीचे यायचे होते. "काका, पट्टी कुठली?" म्हटलं, पांढरी चार. तिने धरलं. पहिल्या ओळीला खाली उतरली आणि आवाज विरलाच, नुसती हवा. परत धरलं, परत हवा. आमच्या मुली काळी चार-पाचला गाणाऱ्या, त्यांना त्या तळघराची सवय कुठली. ती हसली. "दोन सूर वर घेऊ या का?"

दोन सूर म्हणजे फारच झालं. मी म्हटलं, अर्धा घेऊ. आणि पिशवीतून काळी तीनचा तबला काढला.