सरकार नको, पण कुणाला?

रविवार, रात्री

आज ताईकडे बाणेरला जेवण. पुऱ्या संपायच्या आत भावोजींची गाडी टॅक्सवर घसरली. 'आपण मरमर मरायचं आणि सरकारने उचलून न्यायचं, हा दरोडा नाही तर काय?' सरकारने पोलीस, कोर्ट आणि सैन्य तेवढं सांभाळावं, बाकी सगळं बाजारावर सोडावं, असं त्यांचं म्हणणं. 'मी कुणाकडे काही मागत नाही,' हे पालुपद. मी श्रीखंड वाढून घेतलं आणि गप्प बसले.

त्यांची कंपनी हिंजवडीत. तिथलं आयटी पार्क एमआयडीसीचं, म्हणजे शेतकऱ्यांची जमीन सरकारनेच संपादित केलेली. सॉफ्टवेअरच्या निर्यातीला कित्येक वर्षं आयकरात सूट होती, तीही सरकारनेच दिलेली. भावोजींना हे ठाऊक नसेल असं नाही. पण माणसाचं बरं चाललेलं असलं की सरकारचा हात त्याला घेतानाच दिसतो.

म्हणून हा विचारच श्रीमंतांचा, असं म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. बाणेरपासून तासाभरावर चाकण. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून शरद जोशी आले आणि जवळच आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला लागले. १९७९ साली शेतकरी संघटना निघाली. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा कांद्याच्या भावाने पोळलेल्या माणसांची होती. भाव चढला की निर्यात बंद करायची, शहराला स्वस्तात खाऊ घालायचं आणि पडला की शेतकऱ्याने बघून घ्यायचं, हे सरकार त्यांच्या रोजच्या ओळखीचं होतं. अजूनही आहे, डिसेंबर २०२३ची कांदा निर्यातबंदी मे २०२४पर्यंत चालली. जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला. सभांना तुफान गर्दी व्हायची, मतं काही तशी पडली नाहीत.

'आम्हाला मोकळं सोडा' हे आंबेठाणही म्हणतं आणि बाणेरही. पण तिथे माल विकू द्या म्हणतात. इथे कमावलेल्याला हात लावू नका म्हणतात. (शिवाय 'टॅक्स फक्त आम्हीच भरतो' हे भावोजींचं दुसरं पालुपद. साबणाच्या वडीवरचा जीएसटी धुणंवाल्या मावशींनाही चुकत नाही.)

जेवण झाल्यावर भावोजी मोबाइल घेऊन बसले. सोसायटीच्या गेटजवळच्या हातगाड्या हटवा म्हणून महापालिकेला तक्रार करायची होती. तिथल्या भाजीवाल्या बाई मला माहीत आहेत. अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली की त्या आधी वजनकाटा उचलतात आणि बोळात पळतात. भाजी गेली तर एका दिवसाचं नुकसान, काटा गेला तर धंदाच बसतो. पथविक्रेत्यांसाठी २०१४चा कायदा आहे, पण गाडी आल्यावर तो वाचून दाखवायला कोण थांबतं!

'भावोजी, त्यांना नको का मोकळा बाजार?' मी विचारलं.

'ते वेगळं. फूटपाथ सार्वजनिक आहे,' ते म्हणाले आणि तक्रारीला जोडायला फोटो शोधू लागले.