राज्यांना विचारलंच नाही: ९७वी घटनादुरुस्ती आणि संसदेची हद्द

सहकार हा राज्याचा विषय आहे हे महाराष्ट्रात कुणाला शिकवायला नको. साखर कारखाना असो, जिल्हा बँक असो, दूध संघ, पतसंस्था नाहीतर आपली हाउसिंग सोसायटी, सगळ्यांच्या डोक्यावर तोच १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राचे विषय वेगळे, राज्यांचे वेगळे, आणि राज्य सूचीत ३२ नंबरला सहकारी संस्था स्पष्ट लिहिल्यात. ही वाटणी घटनेच्याही आधीची आहे, १९१९च्या सुधारणांपासून सहकार प्रांतांकडे आला आणि मुंबई प्रांताने १९२५ मध्ये स्वतःचा कायदासुद्धा केला.

आणि तरी डिसेंबर २०११ मध्ये संसदेने ९७वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि घटनेत सहकारी संस्थांवर एक अख्खा नवीन भाग घातला. संचालक मंडळात जास्तीत जास्त २१ जण, मुदत पाच वर्षं, दोन जागा महिलांना, एक अनुसूचित जाती-जमातीला, आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सर्वसाधारण सभा, निवडणुका घ्यायला स्वतंत्र यंत्रणा, आणि मंडळ बरखास्त केलं तर प्रशासक सहा महिन्यांच्या वर नाही (बँकांना एक वर्ष). तेव्हा सहकार खातं केंद्रात कृषी मंत्रालयाखाली होतं आणि कृषिमंत्री होते शरद पवार, म्हणजे सहकार माहीत नसलेल्यांनी दिल्लीत बसून काहीतरी केलं असंही म्हणता येत नाही.

मी स्वतः या तरतुदींच्या बाजूचा आहे, अगदी मनापासून. प्रशासक बसला की उठायचं नावच घेत नाही आणि निवडणूक पुढं ढकलत ढकलत तेच संचालक खुर्चीत, हे आपल्याकडे किती गावांनी बघितलंय. म्हणूनच पुढं जे झालं त्याचा मला जास्त राग येतो.

घटना बदलायची रीत कलम ३६८ मध्ये आहे. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत पाहिजे, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. पण काही गोष्टी अशा आहेत की तेवढ्यावर भागत नाही, म्हणजे राष्ट्रपतींच्या निवडणुकीची पद्धत, सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टाबद्दलच्या तरतुदी, राज्यांचं संसदेतलं प्रतिनिधित्व, केंद्र-राज्यांमधली कायदे करायच्या अधिकारांची वाटणी, आणि खुद्द कलम ३६८. यांना हात लावायचा तर निम्म्या तरी राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून मान्यता द्यावी लागते, आणि तीसुद्धा विधेयक राष्ट्रपतींकडे जायच्या आधी. सोसायटीत राहणाऱ्याला हे लगेच कळेल, मॅनेजिंग कमिटी एकमताने ठराव करो नाहीतर टाळ्या वाजवून, उपविधीत सर्वसाधारण सभेची मंजुरी लिहिलीय म्हटल्यावर ती घ्यावीच लागते.

९७व्या दुरुस्तीच्या वेळी राज्यांची ही मान्यता घेतलीच नाही. गुजरात हायकोर्टात जनहित याचिका गेली, एप्रिल २०१३ मध्ये हायकोर्टाने हा भाग घटनाबाह्य ठरवला, केंद्र अपिलात गेलं आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल आला थेट २० जुलै २०२१ला. केंद्राचं म्हणणं असं की आम्ही राज्य सूचीतला एक शब्दही बदललेला नाही, ३२ नंबर जिथल्या तिथं आहे, मग मान्यता कशाला. न्या. रोहिंटन नरिमन, न्या. के. एम. जोसेफ आणि आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई, तिघांनीही हे मानलं नाही. नोंद तशीच ठेवली पण विधानसभेने संचालक किती ठेवायचे, मुदत किती द्यायची, निवडणूक कुणी घ्यायची हे सगळं वरूनच बांधून टाकलं तर राज्याच्या अधिकाराला कात्री लागलीच ना, कागदावर सूची तशीच दिसते म्हणून काय झालं. पंचायती आणि नगरपालिकांच्या ७३व्या, ७४व्या दुरुस्तीला राज्यांची मान्यता घेतली होती, तेव्हा रीत माहीत नव्हती अशातला भाग नाही. बऱ्याच राज्यांनी नंतर आपापले कायदे त्याप्रमाणे बदलले होते, पण तेवढ्याने मान्यतेची उणीव भरून निघत नाही हेही कोर्टाने सांगितलं.

तिघांमध्ये मतभेद झाला तो पुढच्या मुद्द्यावर. एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणाऱ्या बहुराज्य संस्था हा केंद्राचाच विषय, तेवढ्यापुरता हा भाग शिल्लक राहतो असं दोघांनी म्हटलं, न्या. जोसेफ यांच्या मते तो सुटा काढून ठेवता येत नाही, जायचा तर सगळाच जायला हवा. मला इथं जोसेफ यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण बहुराज्य संस्थांसाठी केंद्राला घटनेत भाग घालायची गरजच नव्हती, साधा कायदा पुरला असता.

निकाल आला त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरायला लागला की आता निवडणूक प्राधिकरण गेलं, क्रियाशील सभासदाची (म्हणजे संस्थेच्या कामात भाग घेणाऱ्या, तिच्या सेवा वापरणाऱ्या सभासदाची) अट गेली, सगळं पहिल्यासारखं. एक काका तर कमिटीची निवडणूकच रद्द करा म्हणाले. तसं काही झालेलं नव्हतं. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपल्या विधिमंडळातून स्वतःचा कायदा बदलला होता, प्राधिकरण त्या कायद्याने आलं, आणि ज्याचा अधिकार त्याने केलेला कायदा दिल्लीची दुरुस्ती पडली म्हणून पडत नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं, काकांना पटायला दोन दिवस लागले.

संसदेच्या मर्यादा म्हटलं की सगळे केशवानंद भारती खटल्यावर जातात. १९७३, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६, घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. तो निकाल मोठा आहेच, पण त्यात वाद घालायला जागा आहे, मूलभूत काय हे न्यायाधीश ठरवणार का वगैरे. ९७व्या दुरुस्तीत तशी अडचण नाही, रीत घटनेतच लिहून ठेवलीय. जीएसटीच्या वेळी ती पाळली, ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने खास एका दिवसाचं अधिवेशन घेऊन मान्यतेचा ठराव केला, निम्म्या राज्यांचा आकडा काही आठवड्यांत पूर्ण झाला आणि सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची सहीसुद्धा झाली. सहकारालाही तेवढंच करायचं होतं. ते केलं नाही म्हणून जवळजवळ साडेनऊ वर्षं एक चांगली गोष्ट पोकळ पायावर उभी राहिली आणि पडली.

आता एकत्र निवडणुकांचं घटनादुरुस्ती विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत आलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. लोकसभा आणि विधानसभा एकत्र घ्यायला राज्यांच्या मान्यतेची गरज नाही, ती पंचायत-नगरपालिकांच्या टप्प्याला लागेल, असं या विषयासाठी नेमलेल्या माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीचं म्हणणं आहे. विधानसभेची मुदत कमी करायची आणि त्याच विधानसभेला विचारायचं नाही, हे मला अजिबात मान्य नाही. वकील दोन्हीकडून युक्तिवाद करतील, पण विधेयक राज्यांकडे पाठवल्याने संसदेचं काही कमी होत नाही, आणि पाठवलं नाही तर ते पुन्हा वर्षानुवर्षं कोर्टात अडकून पडेल.