काळ्या दगडाखालची रेघ

बोअरची गाडी आली की गल्लीतली माणसं कामं टाकून जमतात. आधी माती, मग मुरूम, मग करडी भुकटी उडू लागते आणि कुणीतरी जाणत्या चेहऱ्यानं सांगतं, "काळा पाषाण लागला." आपली जमिनीची समज बहुधा इथंच थांबते. किल्ले या दगडाचे, लेणी याची, पाटा-वरवंटाही याचाच. याच्याखाली आणखी काय असणार?

असतं. भूशास्त्राच्या हिशेबात हा काळा पाषाण, म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट, कालचं पोर, जेमतेम ६.६ कोटी वर्षांचं. लाव्हाच्या थरांखाली झाकला गेलेला ग्रॅनाइट आणि नाइस (उष्णतेनं-दाबानं पट्टेदार झालेला खडक) अडीचशे कोटी वर्षांच्याही पलीकडचा. देगलूरकडे तो उघड्यावर भेटतो, पठारावर मात्र बहुतेक ठिकाणी दडलेलाच. आणि माझ्या मते भूकंपांचा खरा कारभारी तोच. ट्रंकेतली जुनी पैठणी विरते ती घडीवर; तसा हा खडक पुन्हा ताण आला की जुन्या भेगेवरच सरकतो. नवी भेग पाडायला जोर जास्त लागतो, एवढं साधं कारण.

ताण येतो कुठून? भारताचा भूपट्ट वर्षाला पाचेक सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. तो रेटा पार दख्खनपर्यंत पोचतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, नुकते गणपती बोळवून माणसं झोपली असताना, किल्लारी हादरली. तोवर पठार कसं भक्कम, निर्धास्त! पुढं तिथं खोल विंधण घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला, थोडा जुना गाळ लागला आणि त्याखाली तो म्हातारा खडक.

कोयनेची कथा आणखी गुंतागुंतीची. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा दोष लोक धरणाला देतात आणि शास्त्रज्ञही जलाशयाचा हात मान्य करतात. पण पाणी नवी भेग पाडत नाही. झिरपलेल्या पाण्याच्या दाबानं आधीच ताणात असलेली भेग सैल पडते, इतकंच. कोयना भागातल्या गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विंधण घेतलं, तर सुमारे सव्वा किलोमीटरवरच बेसाल्ट संपला. तिथले बहुतेक धक्के त्याखालच्या ग्रॅनाइटात उगम पावतात.

खुद्द हिमालयही यातून सुटलेला नाही. अरवलीच्या जुन्या खडकाची एक सोंड दिल्ली-हरिद्वारकडून गाळाखालून त्याच्या पायथ्याशी जाते. बिहारात मुंगेर-सहरसाची गाडलेली कड तशीच. मोठ्या भूकंपात पसरत जाणारी फाट अशा कडांपाशी अडते, असं बरेच अभ्यासक मानतात. नकाशावर ही पर्वतरांग अखंड कमानीसारखी दिसते, भूकंप मात्र तिच्या तुकड्यातुकड्यानं येतात. म्हणून नेपाळातल्या धक्क्यांचा हिशेब मांडणाऱ्यालाही बिहारच्या भातखाचरांखाली काय पुरलंय ते आधी विचारावं लागतं.